बार्शीला गेलेली पुडी

आमटीला उकळी फुटायच्या बेतात होती. मी चुलीपुढं भाकरी थापत होते. अप्पा, म्हणजे माझे सासरे, माळवदावरून शिडीनं खाली यायला निघाले आणि अर्ध्यातच थांबून त्यांनी विचारलं, "वरचं बी कुणी उचललं?"

"कसलं बी?" आत्याबाई आतून म्हणाल्या. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची.

"पेपरावर वाळत घातलं होतं कोपऱ्यात. वर वीट ठेवली होती. वीट बाजूला पडलीय, पेपर नाही."

"मिरचीचं बी असंल. गोळा करताना आलं असंल मिरच्यांबरोबर."

"मिरचीचं नव्हतं," अप्पा म्हणाले. "धोतऱ्याचं होतं."

आत्याबाई लसूण सोलत होत्या. त्यांचा हात थांबला. मला लगेच काही उमजलं नाही. लग्नाला दुसरं वर्ष चालू होतं आणि अप्पांचं ते तेल करायचं वेड मी नुसतं पाहिलं होतं, त्यात काय काय पडतं हे कधी विचारलं नव्हतं. त्यांचं मुरूडात कापडाचं दुकान होतं, पण गावात नाव होतं ते तेलाचं. कुणाचे गुडघे धरले, कुणाची कंबर आखडली, की लोक बाटली घेऊन यायचे. अप्पा पैसे घ्यायचे नाहीत. धोतऱ्याची काटेरी बोंडं दसऱ्याच्या सुमाराला पिकतात. ती फोडून, बी वाळवून, तिळाच्या तेलात कढवायचं. वरून लावायला ते औषध. पोटात गेलं तर विष.

आणि वाळलेलं धोतऱ्याचं बी नि मिरचीचं बी शेजारी ठेवलं तर चांगल्या चांगल्या माणसाला ओळखू येत नाही.

अप्पा शिडीवरून कसे उतरले मला कळलं नाही. त्यांनी धोतराच्या सोग्यानं आमटीचं पातेलं धरलं, अंगणात नेलं आणि मोरीत उपडं केलं. वर राख टाकली, कुत्र्यानं चाटू नये म्हणून. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "चाखलीस का?"

"नाही, अप्पा."

"खरं सांग. मिठाला बघितली असशील."

"नैवेद्य दाखवायचा होता. नाही चाखली."

त्यांनी माझी हनुवटी धरून डोळ्यांत पाहिलं. सासऱ्यानं सुनेला हात लावायचा म्हणजे त्या घरात न होणारी गोष्ट. तेव्हा मात्र मी भ्याले.

त्याचं असं झालं होतं. आमचा वर्षाचा काळा मसाला चैत्रात व्हायचा, सगळ्यांचा होतो तसाच. पण त्या साली भाद्रपदात माळवद गळलं, नेमकं बरणीच्या फडताळावर. बरणीच्या तोंडाला बांधलेला फडक्याचा दादरा सैल होता. नवरात्रात बरणी उघडली तर वर पांढरी बुरशी आणि आत ओला गोळा. आत्याबाईंनी सगळा मसाला उकिरड्यावर टाकला आणि म्हणाल्या, "अश्विनातलं ऊन चैत्रापेक्षा कमी नसतं. दिवाळीच्या आत नवा करू."

शेजारच्या कलावतीकाकू म्हणाल्या होत्या, अश्विनातला मसाला टिकत नाही. आत्याबाईंनी त्यावरही तोड काढली. खोबरं निम्म्यानं कमी केलं, ते खवट होतं म्हणून. तीळ वाढवले. पुढं थंडी येणार म्हणून सुंठ आणि मिरे जास्त घातले. दगडफूल, नागकेशर, मसाला वेलदोडा सगळं तेलाच्या थेंबावर वेगवेगळं परतलं. चार घरं सोडून मिरचीकांडपाचा डंक होता, पण आत्याबाईंना डंकाचा मसाला आवडायचा नाही. गरम होऊन वास उडतो म्हणायच्या. मसाला उखळातच कुटला. मी आणि कलावतीकाकू समोरासमोर मुसळं घेऊन उभ्या, आत्याबाई चाळणीवर. दोन दिवस आम्ही शिंकत होतो आणि हसत होतो.

त्याच्या आदल्या दिवशी, मिरच्या माळवदावर असताना, परतीच्या पावसाचं आभाळ आलं. टपोरे चार थेंब पडले आणि गल्लीतल्या सगळ्या बाया आमच्या शिडीवर चढल्या. जिच्या हाताला जे लागलं ते तिनं ओढलं. मिरच्या, धणे, कांद्याच्या वाळल्या चकत्या, खाली गळलेलं बी, सगळं चादरींत बांधून खाली आलं. पाऊस पुढं काही पडला नाही. पण कोणी काय कशात घातलं हे देवालाच ठाऊक.

"मसाला कुणाकुणाला दिला?" अप्पांनी विचारलं.

"कलावतीला दिला. मठातल्या स्वामींकडं दिला," आत्याबाई म्हणाल्या.

"नंदा, पळ."

मी भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन पळाले. मठात पुडी देवळीत न सोडताच पडली होती. स्वामी परगावी गेले होते. कलावतीकाकूंकडं मात्र भरली वांगी ताटात वाढून झाली होती आणि काका पहिला घास मोडत होते. मी जाऊन ताटच ओढलं.

"अगं, वेड लागलं का तुला?" काकू म्हणाल्या.

"काकू, आधी सांगा, सकाळपासून ह्यातलं कुणी खाल्लं का?"

"कोण खाणार? आत्ता तर उतरवलीत वांगी."

मी कारण सांगितलं. काका ताटावरून उठले, हात धुतला, परत धुतला, आणि घास पोटात गेला नसतानाही उतारा म्हणून गूळ मागून घेतला. काकूंनी मसाल्याचा डबा माझ्या हातात दिला आणि माझ्यामागं दारापर्यंत येऊन, हलक्या आवाजात विचारलं, "लोण्यासारखी वांगी झाली होती गं. सगळीच टाकू?"

"सगळीच टाका."

घरी येऊन मी सांगितलं, "कुणी खाल्लेला नाही." अप्पा उंबऱ्यावर बसले. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. विभूतीचे पट्टे फिसकटले.

"महादेवानं राखलं," ते म्हणाले.

आत्याबाई मात्र उभ्याच होत्या, भिंतीला धरून. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"अजून एक पुडी आहे," त्या म्हणाल्या.

"कुणाकडं?"

"बार्शीला."

आमच्या घरात बार्शीचं नाव कुणी घेत नव्हतं. सोलापूरला जायचं तर बार्शीवरून गाडी जाते, तरी माझे यजमान 'सोलापूरच्या गाडीनं' एवढंच म्हणायचे. मला गल्लीतल्या बायांनी सांगितलं होतं ते एवढंच, की या घरात एक थोरली मुलगी होती, गिरिजा. तिचं लग्न ठरलं होतं, पत्रिका छापून आल्या होत्या. चुलतभावाच्या वरातीत बार्शीचा बँड आला होता, आणि त्यात क्लॅरोनेट वाजवणारा उत्तम नावाचा मुलगा होता. जात वेगळी, धंदा हा असला. महिन्याभरात ती त्याच्याकडं निघून गेली. अप्पांनी विहिरीवर जाऊन तिच्या नावानं आंघोळ केली. मेलेल्या माणसाची करतात तशी. त्यानंतर घरात तिचं नाव नाही, फोटो नाही, काही नाही.

अप्पा आत्याबाईंकडं बघत राहिले. "बार्शीला कुणाकडं?" त्यांनी विचारलं, ठाऊक असून.

"गिरिजाकडं. मलन कासारीण जाते बांगड्या भरायला. तिच्याजवळ दिली परवा."

"कधीपासून पाठवतीस?"

"पहिल्या वर्षापासून."

मला वाटलं आता काहीतरी फुटणार. अप्पांचा राग मी पाहिला होता. दुकानात गिऱ्हाइकानं कापडाला नावं ठेवली तर ते ताग्याचा तागा उचलून आत फेकायचे. पण ते नुसते उंबऱ्यावरून उठले. खुंटीवरची टोपी काढली. कोट चढवला. 

"पत्ता?" ते म्हणाले.

"भगवंताच्या देवळामागं, बँडवाल्यांची गल्ली. कुणीबी सांगंल." आत्याबाई खाली बसल्या. "राजशेखर असता तर..."

माझे यजमान दिवाळीचा माल आणायला सोलापूरला गेले होते. परत यायला दोन दिवस होते.

"मी जातो," अप्पा म्हणाले.

"नंदा, तू जा यांच्याबरोबर," आत्याबाई म्हणाल्या. मग त्यांनी अप्पांच्या समोरच सांगितलं, "हे दारापर्यंत जाऊन परत फिरतील."

अप्पांनी ते ऐकलं आणि ऐकून घेतलं.

तेव्हा गावात फोन पोस्टात होता आणि दोन-चार आडत दुकानांत. पण बँडवाल्यांच्या गल्लीत फोन कुणाकडं असणार. आम्ही स्टँडवर आलो तर बार्शी गाडी नुकतीच गेली होती. अप्पांनी एका टेम्पोवाल्याला हात केला, तो ढोकीपर्यंत सोयाबीन घेऊन चालला होता. माझ्या सासऱ्यांना मी कधी रस्त्यावर कुणाला हात करताना पाहिलं नव्हतं. आम्ही पुढं ड्रायव्हरशेजारी दाटीवाटीनं बसलो. ढोकीहून एसटी मिळाली.

गाडीत अप्पा खिडकीशी बसले. येडशीचा घाट लागला. मग एकदम, बाहेर बघतच, बोलायला लागले, जसं काही मी शिकायला आले होते.

"आधी तोंड कोरडं पडतं. कितीबी पाणी प्या, घसा ओला होत नाही. मग तोंड लाल होतं. डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या होतात, उन्हातसुद्धा बारीक होत नाहीत. मग माणूस बरळतं. नसलेली माणसं दिसतात. हवेत हात मारतं."

"अप्पा, पुडीत कितीसं आलं असंल? एवढ्या मसाल्यात पसरलं असंल."

"मोठ्या माणसाला कदाचित नुसती चक्कर येईल," ते म्हणाले. "लहानग्याला थोडंबी पुरतं." जरा वेळानं त्यांनी विचारलं, "तिला मूलबाळ काही आहे का?"

मला ते निघताना कळलं होतं. मी पायांत चपला घालत होते तेव्हा आत्याबाईंनी कानाशी येऊन सांगितलं होतं. सांगावं की नाही, याचा मी विचार करत राहिले. मग सांगितलं.

"एक मुलगी आहे. तीन वर्षांची."

"नाव काय?"

"ते नाही विचारलं."

अप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. घाटातल्या वळणावर गाडी कलली तशी ती खाली पडली. मी उचलून दिली. त्यांच्या लक्षातही आलं नाही.

बार्शीला उतरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं, तरी ऑक्टोबरचं ते ऊन, अंगात शिरत होतं. बँडवाल्यांची गल्ली शोधावी लागली नाही. दोरीवर लाल कोट वाळत होते, सोनेरी गोंड्यांचे. एका ओट्यावर ढोलाला नवी कातडी ताणून बसवत होते. लग्नसराई तुळशीच्या लग्नानंतर, म्हणून सगळी दुरुस्ती चालली होती. मी विचारलं, "उत्तम सोनटक्क्यांचं घर?"

ढोलवाल्यानं बोट केलं. निळ्या दाराचं घर. दाराला कुलूप होतं.

अप्पा कुलपाजवळ गेले. हातात धरून त्यांनी ते ओढून पाहिलं, जसं ते खोटं असावं.

समोरच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली. "कोण पाहिजे?"

"घरातले कुठं गेले?" मी विचारलं.

"दवाखान्यात गेलेत की. पोरीला घेऊन. सकाळपासून किरकिर करायली होती."

 अप्पा दाराला पाठ लावून हळूहळू खाली सरकले आणि ओट्यावर बसले. पाय लांब झाले. मी त्यांच्या हाताला धरलं.

"आजी, कुठला दवाखाना?"

"म्युनिसिपालटीचा. त्या वळणावर. पण तुम्ही कोण?"

मी काही बोलायच्या आत अप्पा म्हणाले, "मी तिचा बाप." आणि उठले.

दवाखान्याच्या वाटेवर ते माझ्या पुढं होते. सत्तरीकडं झुकलेला माणूस, गुडघ्याला स्वतःचंच तेल लावणारा, आणि मला पळावं लागत होतं. वळणावर चुरमुऱ्याच्या गाड्यापाशी ते एकदम थांबले. मी जवळजवळ त्यांच्या पाठीवरच आदळले.

समोरून एक बाई येत होती, कडेवर मुलगी. मुलीच्या पायाला पांढरी पट्टी. हातात चुरमुऱ्याची पुडी आणि ओठाला मीठ. मी गिरिजावन्संना कधी पाहिलं नव्हतं, पण ते नाक अप्पांचंच होतं, ओळखायला काही कष्ट पडले नाहीत.

त्यांनी अप्पांना पाहिलं आणि जागीच उभ्या राहिल्या. मुलीला कडेवर वर सरकवून घट्ट धरलं.

"दवाखान्यात कशाला गेली होतीस?" अप्पांनी विचारलं.

पाच वर्षांनंतरचं पहिलं वाक्य ते.

"हिच्या पायाला पत्रा लागलाय," वन्सं म्हणाल्या. "पट्टी बदलायला गेले होते."

"पायाला."

"हो."

"दुसरं काही नाही?"

"दुसरं काय? अप्पा, घरी बरं आहे ना सगळं? आई?"

"आईनं मसाला पाठवलाय. तो खाल्ला का?"

वन्संनी माझ्याकडं पाहिलं, मी कोण हे त्यांनी ओळखलं असावं, मग परत अप्पांकडं. वन्संचा चेहरा आवळला. "त्याच्यासाठी आलात? परत न्यायला?"

"खाल्ला का ते सांग आधी."

"काल केली आमटी. सगळ्यांनी खाल्ली. हिनं भाकरी कुस्करून खाल्ली, परत मागितली. आणि सकाळी उरलेली पण खाल्ली. का?"

अप्पा पुढं झाले. त्यांनी मुलीची हनुवटी धरली आणि तोंड उन्हाकडं वळवलं. मग तळहाताची सावली धरली तिच्या कपाळावर, मग काढली. परत धरली, परत काढली. मुलगी रडली नाही. ती चुरमुरे चावत त्यांच्याकडं टक लावून बघत होती, आणि तिच्या डोळ्यांतल्या बाहुल्या उन्हात बारीक होत होत्या, सावलीत मोठ्या. मलासुद्धा दिसत होतं.

"तोंड कोरडं पडतं का गं?" त्यांनी तिला विचारलं.

"चुरमुरे खारट आहेत," ती म्हणाली. "तू कोण?"

"मी मुरूडचा."

"आमची आईपण मुरूडची."

"हो," अप्पा म्हणाले. मग ते वन्संकडं वळले. "तुझे दाखव."

"काय?"

"डोळे. उन्हाकडं बघ."

वन्संनी तोंड उन्हाकडं केलं. अप्पांनी त्यांच्या कपाळावर हाताची सावली धरली. सावली काढायची राहिली, हात तिथंच राहिला. गाडेवाला चुरमुरे परतायचं सोडून बघत होता. वन्संचे डोळे भरून आले, मग त्यातलं काही दिसायची सोयच राहिली नाही.

"मसाल्यात धोतरा पडला असंल म्हणून आले अप्पा," मी म्हणाले. कुणीतरी सांगणं भाग होतं. "तेलासाठी बी वाळत घातलं होतं, ते सापडत नाही. खाऊन एवढा वेळ झाला, म्हणजे काही नाहीये त्यात. हो ना अप्पा?"

"काही नाही त्यात," अप्पा म्हणाले. "असतं तर रात्रीच कळलं असतं." आणि त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला, की मुलगी हसली.

ते बी कुठं गेलं ते पुढच्या पावसाळ्यात कळलं. पेपर वाऱ्यानं उडून मागच्या गोठ्यापलीकडं पडला असावा. तिथं धोतऱ्याचं रान माजलं.

वन्सं आम्हाला घरी घेऊन गेल्या. कुलूप काढताना म्हणाल्या, "हे कुर्डूवाडीला गेलेत, बँडचं सामान आणायला. संध्याकाळी येतील." ते त्यांनी अप्पांना ऐकू जाईल असं सांगितलं. घर दोन खोल्यांचं, शेणानं सारवलेलं, भिंतीला क्लॅरोनेटची काळी पेटी टांगलेली. अप्पा उंबऱ्याच्या आत आले आणि घोंगडीवर बसले. मुलीचं नाव पार्वती होतं. अप्पांच्या आईचं नाव. ते वन्संनी सांगितलं नाही आणि अप्पांनी विचारलं नाही. वन्संनी "पारू, पाणी दे आजोबांना" म्हणून हाक मारली तेव्हा ते त्यांना कळलं.

"जेवलात?" वन्संनी विचारलं.

"सकाळपासून कुणीच जेवलं नाही," मी म्हणाले. "आमटी मोरीत ओतली."

वन्संनी चूल पेटवली. मला म्हणाल्या, "वहिनी, भाजी चिरायला नाही घरात काही. त्याच मसाल्याची आमटी टाकू का?" आणि अप्पांकडं पाहून थांबल्या. त्या थांबण्यात सगळंच होतं. त्या घरचं पाणी, त्या घरची भाकरी, अप्पांची ती आंघोळ.

"टाक," अप्पा म्हणाले.

त्यांनी खाल्लं. भाकरी चुरून, आमटी वर ओतून, मान खाली घालून. मी त्यांना घरी इतक्या भुकेनं जेवताना पाहिलं नव्हतं. दुसऱ्यांदा आमटी मागितली तेव्हा म्हणाले, "यंदा सुंठ जास्त पडली."

"यंदा पडली," वन्सं म्हणाल्या. "दरवर्षीचा एवढा झणझणीत नसतो."

अप्पांनी वर पाहिलं. दरवर्षीचा, हा शब्द त्यांच्या ध्यानात आला होता.  पारू त्यांच्या ताटाशेजारी येऊन बसली आणि त्यांच्या आमटीत बोट बुडवून चाखून बघू लागली. वन्सं तिला ओरडल्या. अप्पा म्हणाले, "खाऊ दे."

परतीची गाडी दिवेलागणीच्या आधीची होती. वन्सं स्टँडवर आल्या नाहीत, चूल पेटलेली होती आणि पारूला झोप आली होती. त्या दारात उभ्या राहिल्या. मला काहीतरी द्यायचं म्हणून त्यांनी माझ्या हातात एक खण ठेवला. अप्पांना त्या म्हणाल्या, "आईला सांगा, आम्ही बरे आहोत." अप्पा "हो" म्हणाले. पुढं काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, मग टोपी नीट केली आणि चालायला लागले.

गाडी लागलेलीच होती. आम्ही बसलो. मी त्यांच्या तोंडाकडं बघायचं टाळत होते. गाडी निघाली, स्टँडच्या फाटकातून बाहेर पडली, आणि अप्पा उठून उभे राहिले.

"कंडक्टर, थांबवा."

"काय झालं, आजोबा? काही राहिलं का?"

"राहिलं," अप्पा म्हणाले. "दिवाळीला या म्हणायचं राहिलं."

गाडी थांबली. मी पण उठायला लागले, तर त्यांनी हातानं खाली बसवलं. "तू जा. तुझी सासू एकटी आहे घरी, जीव टांगून बसली असंल. तिला सांग, मी जावयाची गाठ घेऊन उद्या येतो."

'जावई' म्हणाले ते. मी ते पक्कं ऐकलं.

मुरूडला उतरले तेव्हा अंधार पडू लागला होता. आत्याबाई घरात नव्हत्याच, स्टँडवर चिंचेखाली दगडावर बसल्या होत्या, कधीपासून कोण जाणे. मला एकटीला उतरताना पाहिलं आणि त्या उठल्याच नाहीत. नुसतं बघत राहिल्या. त्यांना काय वाटलं असेल हे माझ्या डोक्यात यायला एक क्षण लागला. मग मी जवळजवळ पळतच गेले.

"सगळे बरे आहेत, आत्याबाई. मसाल्यात काही नव्हतं. वन्संनी कालच खाल्ला, पारूनं पण खाल्ला. सगळ्यांनी."

"मग हे कुठं आहेत?"

"राहिले."

"कुठं राहिले?"

"वन्संकडं. उद्या येतील. जावयांना भेटून."

आत्याबाईंनी पदराचं टोक तोंडात धरलं. बऱ्याच वेळानं त्यांनी ते काढलं. आमच्यासमोरून एक बैलगाडी गेली, घुंगरांचा आवाज लांब गेला, तरी त्या तिथंच बसून होत्या. आज त्या नाहीत, अप्पाही नाहीत, पारूची मुलं आता शाळेत जातात. पण आत्याबाई म्हटलं की मला त्या घटकेचाच त्यांचा चेहरा दिसतो.

मग त्या माझ्या हाताला धरून उठल्या आणि घराकडं चालू लागल्या. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर एकदम थांबल्या.

"अगं, यांना पहाटे उठल्या उठल्या गरम पाणी लागतं प्यायला. नाही तर दिवसभर पोट धरून बसतात. सांगितलंस का तिला?"

"नाही, आत्याबाई. माझ्या ध्यानातच आलं नाही."

त्या क्षणभर काळजीत पडल्या, आणि मग त्यांच्या तोंडावर हसू आलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "तिला ठाऊक आहे."